टिंब

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात जुने लेथ (धातू कातायची हातानं चालवायची यंत्रं) काढून सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारे, आणले, तेव्हा साहेब लोकांचा सूर एकच: पन्नाशीच्या गड्यांना हे जमायचं नाही, व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घ्या. युनियन अडून बसली. करारात कलम घालून घेतलं. आधी प्रशिक्षण, तेही पगारी वेळेत, मग चाचणी. पगारवाढीपेक्षा मला त्या कलमाचा अभिमान जास्त. लोकांना युनियन म्हणजे घोषणा आणि बोनस. तेव्हाच्या, १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातल्या कलम १५ नुसार सभासदांच्या शिक्षणावर युनियनच्या निधीतून खर्च करता यायचा, हे आमच्याच कमिटीत निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

कंपनीचं प्रशिक्षण म्हणजे दोन दिवस इंग्रजी स्लाइड आणि समोसे. म्हणून युनियनच्या खोलीत फळा टांगला, शिकवायला मी. मशीनला द्यायच्या आज्ञांत जी-झिरो-झिरो म्हणजे हवेतून पळायचं, जी-झिरो-वन म्हणजे कापत चालायचं. गल्लत झाली तर टूल थेट जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर. आणि सगळ्यात खोडसाळ ते दशांशाचं टिंब. आमच्या कंट्रोलवर ‘एक्स ५०’ लिहून पुढचं टिंब राहिलं, तर मशीन ५० मिलिमीटर नाही, ५० मायक्रॉन समजतं; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. टिंबावर मी तीन संध्याकाळी घालवल्या.

वर्गात सगळ्यात पुढं तात्या. वय त्रेपन्न, तीस वर्षं लेथवर. फळ्यावरच्या प्रोग्रॅममधली चूक माझ्याआधी त्यांना दिसायची.

चाचणीत ४० मिलिमीटरचा शाफ्ट होता, एच-सिक्स टॉलरन्स (मापातला चालणारा फरक). म्हणजे वर शून्य, खाली १६ मायक्रॉन. पहिला कट झाल्यावर इन्स्पेक्टर म्हणाला, अजून तीस मायक्रॉन काढा. ऑफसेटला, म्हणजे टूलच्या दुरुस्तीच्या आकड्यात, उणे ०.०३ टाकायचं. तात्यांनी टाकलं उणे ०.३. स्क्रीनकडे नीट पाहिलं, आणि स्टार्ट दाबलं. जॉब भंगारात.

एचआरच्या पोरानं तिथंच ‘अपात्र’ लिहिलं. खाली युनियन प्रतिनिधीची सही लागते, ती मी केली. वाद कशाला घालू? आकडा समोर होता. मग कागद तात्यांकडे गेला. त्यांनी सही केली ती एक ओळ खाली, दुसऱ्याच माणसाच्या चौकटीत. पोरगा हसला. “बघा, सही कुठं करायची तेही कळत नाही.” रागात आहेत असं मला वाटलं.

रात्री पाळी सुटून घरी जाताना डोक्यात पडलं. फळा दहा फुटांवर, स्क्रीन हातभर अंतरावर.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये विचारलं, “तात्या, चष्मा का नाही लावत?”

“लावला की पॅकिंगला टाकतात. तुझ्यासमोरच टाकलं होतं की रे एकाला.”

खरं होतं. सात-आठ वर्षांपूर्वी एक ग्राइंडरवाला चष्मा लागल्यावर पॅकिंगला गेला. पगार तोच राहिला, म्हणून आम्ही विषय सोडला. तेव्हाही मी कमिटीत होतो.

लेथवर त्यांना वाचायची वेळच येत नसे. स्नॅप गेज, म्हणजे दोन खाचांचं ठरीव माप, लावायचं, गो गेला, नो-गो अडला, जॉब ओके. टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या डायलवर त्यांनी पिवळ्या रंगाच्या जाड खुणा केल्या होत्या. त्या खुणांवरून आम्ही त्यांची थट्टा करायचो. पुढं लेथ भंगारात गेला, खुणाही गेल्या.

मी धावत एचआरकडे. चष्मा आणतो, पुन्हा चाचणी घ्या. साहेबांनी करार उघडून दाखवला, “एक संधी”. शब्द आमचेच. वाटाघाटीत दमून पहाटे दोनला आम्हीच ते मान्य केलं होतं. वर अहवालावर माझी सही. एरवी ह्या साहेबांना करारातलं पान सापडत नाही.

पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी मी पंचांगाचं पान वाटलं, बारीक टाइपाचं. बावीस जणांपैकी नऊ जणांनी ते हात लांब करून धरलं. कुणी काही बोललं नाही. नव्या मागणीपत्रकात नेत्रतपासणी, चष्म्याचा खर्च आणि दुसरी संधी टाकली आहे. खजिनदार म्हणतो, चष्मा वाचून साहेब हसतील.

तात्या आता पॅकिंगला आहेत, चष्मा लावून. संध्याकाळी वर्गाला येतात, मागच्या बाकावर बसतात. परवा फळ्यावर माझंच एक टिंब राहिलं होतं. त्यांनी ते दाखवलं, मी पुसून नीट लिहिलं. त्या अहवालाबद्दल त्यांनी मला अजून एकदाही विचारलेलं नाही.