वेक-अप रिसीव्हर: झड लागली की बहिरा

खानापुराकडं झड लागली आणि उसातला नोड बहिरा झाला. (नोड म्हणजे बिनतारी यंत्र; रेडिओची हाक ऐकून त्याला जागं करतो तो वेक-अप रिसीव्हर.) दुपारी उघडीप मिळाली की 866 मेगाहर्ट्झच्या हाकेला ओ देतो, पहाटे धुक्यात गप्प. संशय आधी ओल्या पानांवरच जातो. पण अँटेना काढून अटेन्युएटरमधून (सिग्नल बारीक करणाऱ्या भागातून) केबलनं सिग्नल दिला तरी तेच. कोरड्या बोर्डावर तोंडाची वाफ सोडा, लगेच बहिरा. म्हणजे दुखणं बोर्डातच.

सर्किट असं. एसएमएस-7630 डायोडचा डिटेक्टर (रेडिओ सिग्नलचं व्होल्टेज करणारा) थेट कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या चिपच्या) प्लसवर. त्याचीच 1 मेग (मेगओहम) आणि 10 नॅनोफॅरडनं काढलेली सरासरी मायनसवर. मायनसला 1.8 व्होल्टवरून 470 मेगनं उचललंय, म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे जाग यायला सिग्नलनं ओलांडायची पायरी, 3.8 मिलिव्होल्ट. नो-क्लीन फ्लक्सनं (सोल्डरिंगनंतर न धुता बोर्डावर राहणाऱ्या रसायनानं) ओल धरली आणि सप्लायकडून मायनसला 100 मेगची वाट मिळाली, की तोच थ्रेशोल्ड साडेएकवीसच्या वर. डिटेक्टर स्क्वेअर-लॉमध्ये (आउटपुट व्होल्टेज सिग्नलच्या पॉवरच्या प्रमाणात), त्यामुळे ऐकण्याच्या ताकदीतले साडेसात डीबी गेले. माळावरसुद्धा रेंज निम्म्याच्या खाली. (मीटर 10 मेगचा असेल तर मायनसवर आकडा नऊ टक्के कमी दिसतो.)

आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) बोळा फिरवून फ्लक्स नुसता पसरतो. ब्रशनं घासा, ताज्या आयपीएनं धुवा, 60 अंशांवर तासभर वाळवा, मगच ॲक्रिलिक कोटिंग. न धुता कोटिंग केलं तर ओल आतच कोंडते. अँटेना जुळवणाऱ्या मॅचिंगच्या कॉइलवर कोटिंग नको, ट्यूनिंग सरकतं.

हार्वेस्टरचं (सोलर सेलची वीज गोळा करणाऱ्या चिपचं) मात्र झकास जमलं. सोलर सेल सिरीजमध्ये वाढवल्यावर बीक्यू-25570 चा 600 मिलिव्होल्टचा कोल्ड स्टार्ट (साठा रिकामा असताना सुरू व्हायला लागणारं व्होल्टेज) ढगाळ हवेतही पार होतोय.

पुढच्या बोर्डावर मायनसभोवती गार्ड रिंग (गळती अडवणारं तांब्याचं कडं) घ्यायची, डिटेक्टरच्या आउटपुटला जोडून, वरचा सोल्डर मास्क काढून. रिंग आणि मायनस, दोन्हीकडं व्होल्टेज जवळपास सारखं, त्यामुळे गळती रिंगच गिळते. बायस रेझिस्टरच्या (मायनसला उचलणाऱ्या 470 मेगच्या) पोटाखालूनही रिंगची रेघ न्या.

पण थांबा, बोर्ड मागवायच्या आधी हे करून बघण्यासारखं आहे: 1 मेगच्या जागी 100 के (किलोओहम), 10 नॅनोच्या जागी 100 नॅनो. टाइम कॉन्स्टंट तोच 10 मिलिसेकंद, गळतीचा फटका 18 वरून 1.8 मिलिव्होल्टवर. बायस मग 47 मेग, खर्च 38 नॅनोअँप. हार्वेस्टर एकटाच 488 नॅनोअँप खातो, त्यात हे कुठं दिसणार! शिवाय 470 मेगसाठी पुरवठादार अख्खं रीळ गळ्यात मारतात. त्यापेक्षा पाच 10 मेग सिरीजमध्ये लावा, थ्रेशोल्ड 3.6 येतो, आणि 10 मेग बेळगावातच सुटा मिळतो.

आधी हा बदल जुन्याच बोर्डावर, ओला स्पंज घातलेल्या बंद डब्यात रात्रभर. सकाळी दोन डीबीपेक्षा जास्त घसरला तरच रिंग.