सांगताना गळलेलं वाक्य

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप येत नाहीये, म्हणून वही उघडली.

दुपारी मैत्रिणीला मागच्या महिन्यातलं ते स्वप्न पुन्हा सांगत होते. मी व्यासपीठावर उभी आहे, सभागृह गच्च भरलंय, शब्द आपोआप सुचताहेत. मध्येच कोणीतरी व्यत्यय आणतं, पण मी बोलत राहते. एवढं सांगून थांबले. ती म्हणाली, "आणि तो मुलगा? त्या दिवशी सकाळी फोनवर तू एका लहान मुलाबद्दल बोलली होतीस." मी ठामपणे म्हटलं, मुलगाबिलगा कोणी नव्हता, तुझी काहीतरी गल्लत होतेय.

घरी येऊन वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'पायाशी पाच-सहा वर्षांचा मुलगा. माझा हात ओढतोय. बोलणं न थांबवता मी त्याला पायाने बाजूला सारते.' त्या ओळीपाशी अक्षर बारीक झालंय. आणि 'पायाने' हा शब्द वर, दोन ओळींच्या मध्ये, नंतर घुसवलेला. म्हणजे लिहितानाही तो आधी गाळलाच होता.

बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसले.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या शब्दसाहचर्य चाचणीबद्दल मी किती जणांना किती उत्साहानं सांगितलंय! १९०४ च्या सुमारास झुरिकच्या बुर्गहोल्ट्स्ली मनोरुग्णालयात तो आणि त्याचा सहकारी रिक्लिन हे प्रयोग करत होते. एकेक शब्द वाचायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आणि हातात स्टॉपवॉच. पुढे ही यादी १०० शब्दांची ठरली. उत्तराला उशीर झाला की तिथे आत काहीतरी दुखतंय. पण मला सगळ्यात आवडतो तो नंतरचा भाग. यादी संपली की तीच पुन्हा वाचायची आणि आधीचीच उत्तरं द्यायला सांगायची. जिथे आठवण दगा देते, तिथेही गंड, म्हणजे मनात खोल दडलेली दुखरी गाठ, दबा धरून बसलेला असतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे. आज माझीच दुसरी फेरी झाली, आणि मी नेमकी त्याच जागी विसरले.

दोन वर्षं स्वप्नं लिहितेय. वाटत होतं, यातून अहंकार झिजतोय. त्याला तर नवं खाद्य मिळत होतं. कोणी चिडलं की मनात म्हणायचे, हे याचं प्रक्षेपण, स्वतःतलंच दुसऱ्यावर लादतोय. कोणी स्वतःबद्दल भरभरून बोललं की, हा याचा मुखवटा. नेणिवेतलं, म्हणजे मनाच्या आपल्याला न कळणाऱ्या भागातलं, थोडं हाती लागलं की अहं ते स्वतःच्या मालकीचं समजतो आणि फुगतो, हेही युंगनंच सांगितलंय. ते वाचताना मला दुसऱ्यांचे चेहरे आठवत होते.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्यानं १९१७ मध्ये माणसाच्या आत्मप्रेमाला बसलेल्या तीन तडाख्यांबद्दल लिहिलं. कोपर्निकसनं पृथ्वी केंद्रातून हलवली, डार्विननं माणसाला प्राण्यांच्या रांगेत बसवलं, आणि मनोविश्लेषणानं सांगितलं की अहं स्वतःच्या घराचाही मालक नाही. पहिले दोन मला सोपे वाटतात, ते सगळ्यांना मिळून बसलेत. तिसरा ज्याचा त्यानं एकट्यानं सोसायचा.

युंगचं १८ डिसेंबर १९१३ चं स्वप्न आज पुन्हा आठवलं. तेव्हा तो ३८ वर्षांचा, फ्रॉइडशी संबंध तुटलेले. स्वप्नात तो एका अनोळखी सोबत्याबरोबर डोंगरात दबा धरून बसतो, आणि उगवत्या सूर्याबरोबर येणाऱ्या सीगफ्रीड या वीराला दोघं गोळ्या घालतात. मग धो धो पाऊस येतो, खुणा धुऊन जातात, अपराधीपणा मात्र जात नाही. इच्छाशक्तीच्या जोरावर सगळं जिंकू पाहणारी स्वतःची वृत्तीच त्यात मेली, असा अर्थ त्याला लागला. मला भिडतं ते त्याचं दुःख. जणू आपल्यालाच गोळी लागली, असं त्याला वाटलं होतं. माझ्या स्वप्नात वीर अजून व्यासपीठावर उभा आहे, आणि लाथ खातोय तो मुलगा.

तो कोण, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. धाकट्या भावाबद्दल मी वर्षानुवर्षं एकच वाक्य वापरत आलेय: 'त्याला सतत कुणाचं तरी लक्ष हवं असतं.' मग ते सभागृह कुणासाठी भरलं होतं? लहानपणी मी समजूतदार होते, हट्ट न करणारी. घरातला सगळा हट्ट त्याच्या वाट्याला गेला, माझ्या वाट्याचासुद्धा. तो मुलगा भाऊ आहे आणि मीही आहे. हे लिहिताना हात जड झालाय.

नऊ वाजता त्याला फोन केला. "ताई, सगळं ठीक ना?" हे त्याचं पहिलं वाक्य. कारणाशिवाय मी फोन करत नाही, हे त्याला ठाऊक आहे. म्हटलं, सहज केला. कामावरच्या एका भांडणाबद्दल तो बोलत राहिला. दोनदा सल्ला माझ्या ओठांवर आला. एकदा गिळला. दुसऱ्यांदा निसटलाच, आणि तो गप्प झाला. असा तो आजवर किती वेळा गप्प झाला असेल. मी म्हटलं, "राहू दे माझं. तू सांग, मग काय झालं?" थोडा वेळ गेला. मग तो पुन्हा बोलू लागला, आधी जरा जपून.

आत्ता ते वाक्य 'पायाने' ओळीत घेऊन पुन्हा लिहिलं. मुलाचा चेहराही लिहायचा होता. पण तो मी स्वप्नात पाहिलाच नव्हता, माझी नजर सभागृहाकडे होती.