पिटुकला ट्युलिप

सकाळी आठला बघितलं तर कळ्या घट्ट मिटलेल्या, बाहेरून हिरवट-करड्या. म्हटलं, गेलं हेही वर्ष. बाराच्या सुमारास ऊन आलं आणि सगळ्या चांदण्यांसारख्या पसरल्या! आत पिवळाधमक रंग, पाकळ्यांची टोकं मात्र पांढरी, चुन्यात बुडवून काढल्यासारखी.

हा ट्युलिपा टार्डा, मध्य आशियातल्या तिएन शान डोंगरांतला रानटी ट्युलिप. उंची जेमतेम 15 सेंटीमीटर. फोटोसाठी अक्षरशः पोटावर झोपले. एकाच दांड्यावर चार-पाच फुलं, आणि त्या उंच, ताठ संकरित ट्युलिपांचा तोरा अजिबात नाही. कंद दरवर्षी उपटायचे नाहीत, उन्हाळ्यात फक्त कोरडे ठेवायचे. गेल्या वर्षी मी लाडाने पाणी घातलं नि निम्मे कुजवले.

चारला ढग आले. दुकान बंद!