गोल दिसेपर्यंत ड्रिलला हात लावायचा नाही

मोडलेल्या नडगीच्या हाडाच्या पोकळीत नेल, म्हणजे धातूची लांब सळई, घालायला रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) लवकर शिकतात. नेलच्या भोकांतून आरपार जाऊन त्याला हाडाशी जखडणारे लॉकिंग स्क्रू असतात; त्यातले वरचे जिगमुळे, म्हणजे नेलच्या वरच्या टोकाला जोडलेल्या नेम दाखवणाऱ्या साच्यामुळे, सरळ बसतात. घोडं अडतं ते घोट्याजवळच्या स्क्रूंपाशी. हाडाच्या पोकळीतून खाली उतरताना नेल किंचित वाकतो, म्हणून वर बसवलेल्या जिगचा नेम तिथे लागत नाही. सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या फिरत्या मशीनच्या, पडद्यावर बघत हातानेच नेलचं भोक गाठावं लागतं.

मी रेसिडेंट होते तेव्हा ‘बघून शिक’ एवढंच शिक्षण होतं. एका रात्री एका स्क्रूसाठी मी पाऊण तास घालवला, हाडाला तीन भोकं पाडली. शेवटी सर आले आणि दोन मिनिटांत स्क्रू बसला. ड्रिल उचलण्याआधी त्यांनी सी-आर्म फिरवून घेतला होता. मी ते पाहिलं, पण का ते विचारलं नाही. त्या पेशंटचा पाय अजून आठवतो.

शिकवायला लागल्यावर मुलांची तीच चूक दिसायला लागली. पडद्यावर भोक लांबट दिसतंय आणि ही मुलं ड्रिल तिरकं करून त्याच्या मागे लागतात! म्हणून गेल्या वर्षी मी ओटीबाहेरच (ऑपरेशन थिएटरबाहेरच) सुरुवात केली.

पहिल्या दिवशी ड्रिल नाहीच. अंधाऱ्या खोलीत एक जुना नेल पकडीत लावला, एका बाजूला सी-आर्मच्या किरणांच्या जागी मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या बाजूला पडद्याच्या जागी पांढरा कागद. नेलच्या दोन्ही भिंतींतली भोकं उजेडाच्या रेषेत आली की कागदावर स्वच्छ गोल उमटतो. टॉर्च जरा सरकला की तो मिटत्या डोळ्यासारखा चिंचोळा होतो, मग नाहीसाच होतो. प्रत्येकाने टॉर्च हलवून तो गोल परत आणायचा. ‘पर्फेक्ट सर्कल’ म्हणजे काय, हे तोंडाने सांगून कळत नव्हतं ते तिथे अर्ध्या तासात कळलं.

दुसऱ्या दिवशी बांबू. त्याच्या गोल पाठीवरून ड्रिल बिट हाडावरून निसटतं तसंच निसटतं. बिट तिरपं धरून टोक खुणेवर टेकवायचं, मग उभं करून किरणांच्या रेषेत आणायचं. अलीकडची भिंत फुटली की थांबायचं, मशीन काढून बिट तिथेच ठेवायचं आणि बघायचं. पलीकडची भिंत त्यानंतर. घाई होते ती नेमकी इथेच.

ओटीत आणखी एक गोष्ट लावून घेतली: सी-आर्मवाल्या दादांशी शब्द आधीच ठरवायचे. ‘डोक्याकडे’, ‘पायाकडे’, ‘वर’, ‘खाली’. ‘इकडे, नाही, तिकडे’ करण्यात कितीतरी एक्स-रे शॉट फुकट जात होते. आणि शॉटच्या वेळी बोटं किरणांत दिसली की मी रागावते. किरणं अडवणारा लेड एप्रन हात झाकत नाही. अंतर दुप्पट केलं तर किरणं चौथाईवर येतात, तेव्हा एक पाऊल मागे जायला काय हरकत आहे?

मागच्या महिन्यात सेकंड इयरच्या एका मुलाने पहिल्यांदा एकट्याने खालचं लॉकिंग केलं. मी हात बांधून मागे उभी होते. ४ मिमीचं बिट भोकातून धातूला न घासता गेलं, ४.९ मिमीचा स्क्रू बसला आणि पडद्यावरचा उजळ गोल काळा भरला. दुसऱ्या स्क्रूसाठी सिस्टरनी ड्रिल पुढे केलं. त्याने घेतलं नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, “दादा, जरा पायाकडे घ्या.”