शहाबादी फरशीवर अ‍ॅक्सेल

आज सोलापुरात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती, एवढं ऊन. पडदे ओढले, फरशीवर चादर टाकली आणि मी, लेक अन् सासूबाई फिगर स्केटिंगच्या एका जुन्या ग्रां प्री फायनलचं रेकॉर्डिंग बघत बसलो. या स्पर्धेत वाटेल त्याला उतरता येत नाही. हंगामभर गुण मिळवून प्रत्येक प्रकारात पहिल्या सहांत यावं लागतं, तेव्हा कुठे बोलावणं येतं.

लेक चाकांच्या स्केट्सवर शिकते, त्यामुळे तिचं सगळं लक्ष पायांकडे. "आई, हा पुढे तोंड करून उडाला!" त्याच उडीचं नाव अ‍ॅक्सेल. बाकीच्या मोठ्या उड्या मागे सरकत घेतात, ही समोर बघत. म्हणून अर्धी गिरकी जास्त. चौपट अ‍ॅक्सेल म्हणजे हवेत साडेचार गिरक्या! २०२२ मध्ये इलिया मालिनिननं तो स्पर्धेत पहिल्यांदा करून दाखवला, तेव्हा पोरगा १७ वर्षांचा होता.

मग एक मुलगी पडली. सासूबाई "अगं बाई!" म्हणत अर्ध्या उठल्याच. पडल्याचा गुण कापला जातो, पण संगीत थांबत नाही. गुडघ्याला बर्फाचा चुरा तसाच चिकटलेला, आणि ती पुढच्या उडीसाठी वेग घेत होती. मला भरून आलं. गेल्या आठवड्यात लेकीचं कोपर सोलवटलं, तेव्हा मी तिला तडक घरी आणलं होतं. तिला तिथेच थांबून पुढे खेळायचं होतं. मी ऐकलं नाही.

आता ती मोजे घालून शहाबादी फरशीवर गिरक्या घेतेय. सासूबाईंनी स्वतःहून टीपॉय बाजूला सरकवलाय.