युथ मुलींचा सामना पहिल्या पासवर ठरतो

व्हॉलीबॉलमध्ये आपल्या युथ मुली आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हरल्या की चर्चा उंचीपासून सुरू होते. २.२४ मीटरच्या नेटवर उंची लागतेच, त्यात वाद नाही. पण रशिया-ब्राझीलपेक्षा बुटक्या मुली घेऊन जपानने १९९५ आणि १९९९ मध्ये या वयोगटाचं विश्वविजेतेपद मिळवलं, ते पासिंग आणि डिफेन्सच्या भक्कम पायावर. नाशिकमधून एखादी मुलगी युथ नॅशनल आणि तिथून भारताच्या शिबिरापर्यंत जायची असेल, तर तिचा रिसिव्ह, म्हणजे समोरची सर्व्हिस घेऊन दिलेला पहिला पास, इथेच, आपल्या मैदानावर घडायला हवा. शिबिराच्या काही आठवड्यांत तो नव्याने घडत नाही.

समोरून येतो तो बहुतेक वेळा जंप फ्लोटर, म्हणजे उडी मारून केलेली सर्व्हिस. चेंडू न फिरता येतो, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये कधी डुलतो, कधी अचानक खाली बसतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने आलेला असा चेंडू साधारण सव्वा सेकंदात रिसिव्हरपर्यंत पोचतो. एवढ्यात तिला जागा ओळखायची, दोन पावलं टाकायची आणि चेंडू हाताला लागायच्या आधी थांबायचं असतं. आपल्याकडे चुकतं ते हे थांबणं. पाय चालू असतानाच हात झोकला जातो.

हा झोका कुठून येतो? बऱ्याचदा मऊ चेंडूतून. नियमाप्रमाणे चेंडूत ४.२६ ते ४.६१ पीएसआय (दाबाचं एकक) हवा लागते. आदल्या दिवशी दुपारी २५ अंशांत ४.४ भरलेला चेंडू डिसेंबरात सकाळी १० अंशांच्या गारठ्यात मैदानावर आणला की साडेतीनच्या आसपास येतो. गळती नसतानाही, केवळ आतली हवा थंड झाल्यामुळे. असा चेंडू हातावर रेंगाळतो आणि पास आखूड पडतो, म्हणून मुलगी नकळत हात झोकून तो नेटपर्यंत पोचवायला शिकते. सामन्यात बरोबर भरलेला कडक चेंडू मिळतो, आणि त्याच झोक्याने पास थेट नेटपलीकडे जातो. पलीकडची मिडल ब्लॉकर, म्हणजे नेटच्या मधोमध उभी असलेली खेळाडू, तो उभ्या उभ्या मारते. घाट उतरतानाही हाच घोळ होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथे भरलेला चेंडू मुंबईत नेला की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि दाब मोजायच्या गेजवर जवळजवळ १ पीएसआय कमी दिसतो. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यात अर्थ नाही. गेज किटमध्येच ठेवा, चेंडू बाहेर काढून अर्धा तास होऊ द्या, मग मोजून हवा भरा. सुई घालण्याआधी ओली करा, कोरडी सुई वॉल्व्ह फाडते.

आता हात. दोन्ही कोपरं ताठ, चेंडू मनगटाच्या वर ५ ते १० सेंटिमीटरवर, दोन्ही हातांवर एकदम. दिशा खांद्याने द्यायची. डावीकडून आलेला चेंडू उजवीकडे सेटरकडे (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीकडे) पाठवताना उजवा खांदा किंचित खाली. सेटरची जागा नेटपासून १ मीटर आणि उजव्या साइडलाइनपासून साधारण ३ मीटर.

छातीच्या वर आलेला फ्लोटर बोटांवर घ्यायला आपल्या मुली घाबरतात, कारण लहानपणापासून ‘डबल’च्या शिट्टीची धास्ती. पहिल्या स्पर्शाला एकाच हालचालीत दोनदा लागलेला चेंडू फाउल नाही. पकडून फेकला तर मात्र फाउल. हे मुलींना स्पष्ट सांगा आणि रोज २० चेंडू बोटांवर घ्यायला लावा, त्यांचे मागे सरकणारे पाय आपोआप थांबतात.

सरावात खालून उभ्याने टाकलेली सर्व्हिस पुरत नाही. एंडलाइनच्या आत मीटरभर एक ४०-४५ सेंटिमीटर उंच बाक ठेवा आणि त्यावरून फ्लोटर मारा, म्हणजे उंच मुलीच्या जंप फ्लोटरसारखा सपाट कोन मिळतो. दोन रिसिव्हरच्या मधल्या फटीत मारा. ‘मी’ ही हाक चेंडूने नेट ओलांडायच्या आधी यायला हवी. त्यानंतर आलेली हाक निरुपयोगी. प्रत्येक पासला गुण द्या: सेटरला सगळे पर्याय उघडे असतील तर ३, दोनच उरले तर २, फक्त उंच चेंडू देता आला तर १, थेट गेला तर ०. तीस पासची सरासरी २ च्या खाली असेल, तर क्विक अटॅकच्या (सेटरच्या जवळून झटपट मारायच्या स्मॅशच्या) सरावात वेळ घालवू नका.

रोटेशनमधली एक चूक युथ संघांना फार महागात पडते. सेटर ५ नंबरवर (मागच्या रांगेत डावीकडे) असताना ४ नंबरची, म्हणजे तिच्या बरोबर पुढची नेटजवळची खेळाडू रिसिव्हसाठी मागे सरकते, आणि सेटर पुढे पळायच्या घाईत तिच्याही पुढे उभी राहते. समोरच्या सर्व्हरचा हात चेंडूला लागला त्या क्षणी अशी स्थिती असेल तर गुण गेला. २०२५ पासून सर्व्हिस करणाऱ्या संघाला कुठेही उभं राहायची मोकळीक मिळाली आहे, रिसिव्ह करणाऱ्या संघाला नाही. सोपा उपाय म्हणजे ४ नंबरच्या मुलीला नेटजवळच ठेवा, सेटर तिच्या मागे दडेल, आणि रिसिव्ह बाकीच्यांपैकी तिघी करतील.

राहिला कोर्ट. मातीवर पाय घसरत वळतो, सिंथेटिक मॅटवर बूट चिकटतो आणि वळतं ते घोटा किंवा गुडघा. छत आणि दिव्यांच्या पार्श्वभूमीवर चेंडूची खोली कळायलाही वेळ लागतो, कारण डोळे उघड्या आभाळाला सरावलेले असतात. स्पर्धेआधी निदान दोन आठवडे, आठवड्यातून तीनदा तरी इनडोअर हॉल मिळवा. गमसोलचे (रबरी तळाचे) बूट फक्त आत घाला, मातीत गेले की त्यांची पकड संपते. आणि हॉलमधला पहिला पाऊण तास स्मॅशला देऊ नका. नेटच्या दोन्ही बाजूंनी सर्व्हिस आणि पास, एवढंच.