महाबळेश्वर नको, वाईलाच उतरू

पावसाळा सरला की आमच्या घरच्या ग्रुपवर "कुठंतरी जाऊया रे" सुरू होतं आणि गाडी फिरून फिरून महाबळेश्वरवरच येते. यंदा मी हट्टच धरला: पसरणी घाट चढायचा नाही, वाईतच थांबायचं. आज जाऊन आलो.

खंबाटकीत रखडलो, ते सोडा. ढोल्या गणपतीला गर्दी होतीच. पण दर्शन झालं की देवळाच्या मागे जाऊन बघा. भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, कृष्णेला पूर आला तर पाणी दोन्ही बाजूंनी फुटून जावं म्हणून. बांधकाम १७६२ चं!

खरी मजा मात्र मेणवलीत, वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीत उतरणारा घाट आणि तिथं टांगलेली ती भलीमोठी घंटा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथली ही. जवळून पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी. आईनं आधी मेणेश्वराला हात जोडले, मग तिलाही.

जाणार असाल तर सकाळीच जा. दुपारी घाटाचा दगड असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही. (शूटिंगवाले असले तर फोटो विसरा.)

काका परतीच्या वाटेवर शिरवळपर्यंत एकच धोशा लावून होते, "पाचगणी बारा किलोमीटरवर तर होती!" पुढच्या वेळी त्यांना मागच्या सीटवर बसवणार आहे.